डेस्कटॉपवर आयकॉनची गर्दी पुन्हा पुन्हा का होते आणि ती कशी थांबवावी?

आपला प्रश्न असा आहे की विंडोज संगणकाच्या डेस्कटॉपवर दीडशेच्या आसपास आयकॉन साठले आहेत, दर दोन-तीन महिन्यांनी आपण ते आवरता आणि तरीही महिनाभरात पडदा पुन्हा भरून जातो, तर यावर टिकाऊ उपाय कोणता. मी गेली १८ वर्षे डीटीपीचे काम करतो. लग्नपत्रिका, हँडबिले, बिलबुके, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल अशी अनेक छोटी कामे एकाच संगणकावर रोज होत असल्यामुळे हा त्रास मी बराच काळ सोसला आहे.

आवरण्यात आपले काही चुकत नसावे, असे मला वाटते. फाइल डेस्कटॉपवर राहते ती बहुतेक वेळा आठवण म्हणून. ‘डोळ्यांसमोर असली म्हणजे काम विसरणार नाही’ या भरवशावर आपण ती तेथे ठेवतो. पण अशा चाळीस आठवणी शेजारी-शेजारी बसल्या की त्यांतली एकही दिसेनाशी होते. म्हणून आठवणीची सोय वेगळी केल्याशिवाय डेस्कटॉप मोकळा राहत नाही. मी ‘चालू काम’ नावाचे एकच फोल्डर डेस्कटॉपवर ठेवतो आणि ज्याचे बिल व्हायचे आहे तेवढेच काम त्यात असते. सकाळी संगणक सुरू केल्यावर प्रथम तेच उघडायचे.

आता दीडशे आयकॉनांपैकी शॉर्टकट किती आणि खऱ्या फाइली किती, हे पाहावे. ज्या चित्राच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात छोटा बाण असतो तो शॉर्टकट. तो काढल्याने मूळ प्रोग्रॅम जात नाही, त्यामुळे तो निर्धास्तपणे डिलीट करावा आणि रोज लागणारे पाच-सहा प्रोग्रॅम टास्कबारवर पिन करावेत. काही शॉर्टकट काढताना संगणक ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागतो. ते सर्व वापरकर्त्यांसाठी असलेल्या सामाईक डेस्कटॉपवरचे असतात, एवढेच त्याचे कारण. नवीन प्रोग्रॅम बसवताना डेस्कटॉपवर आयकॉन हवा का, असे अनेकदा विचारले जाते. तेथील खूण तेव्हाच काढून टाकावी. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीत दर ६० दिवसांनी न वापरलेले आयकॉन बाजूला करण्याविषयी विचारणारी सोय होती, पण तीही शॉर्टकटांनाच हात लावत असे. खरी फाइल कोठे जावी हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.

फाइलींच्या बाबतीत मात्र एक बारकावा अतिशय महत्त्वाचा आहे. डेस्कटॉप हे सहसा सी ड्राइव्हवरील एक फोल्डरच असते. तेथील फाइल माउसने ओढून डी ड्राइव्हवर टाकली तर ती हलत नाही, तिची प्रत होते. एकाच ड्राइव्हच्या आत ओढली तरच ती हलते. काही वर्षांपूर्वी एका लग्नपत्रिकेची फाइल मी अशीच डीवर ‘हलवली’, मुलाच्या मामांच्या नावातील दुरुस्ती डीवरच्या फाइलीत केली आणि घाईच्या दिवशी छपाईसाठी डेस्कटॉपवर राहिलेली जुनी फाइल उघडली. पाचशे पत्रिका पुन्हा छापून द्याव्या लागल्या आणि त्या घरच्यांना दोन दिवस ताटकळावे लागले, याचे मला आजही वाईट वाटते. तेव्हापासून मी ओढण्याऐवजी कंट्रोल आणि एक्स दाबून कट करतो व ठरल्या जागी पेस्ट करतो. शिफ्ट दाबून ओढले तरी फाइल हलते.

सी ड्राइव्हचा आणखी एक धोका आहे. संगणक बिघडला की दुरुस्ती करणारा मनुष्य सी फॉरमॅट करतो, आणि ‘डीवरचे सगळे सुरक्षित आहे’ असे सांगतो तेव्हा डेस्कटॉप त्यात धरलेला नसतो. डेस्कटॉप फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन बदलून ते डीवर नेता येते. पण त्यासाठी डीवर आधी वेगळे फोल्डर तयार करावे, कारण थेट डी ड्राइव्हच निवडला तर त्यातील सर्व फोल्डर डेस्कटॉपवर येऊन बसतात आणि ते निस्तरणे कटकटीचे होते. एवढे करूनही डिस्कच खराब झाली तर डीदेखील वाचत नाही, म्हणून बाहेरच्या डिस्कवर एक प्रत हवीच.

आपण कोरल ड्रॉ वापरत असाल तर हेही पाहावे: सेव्ह करताना तो त्याच जागी ‘बॅकअप ऑफ’ अशा नावाची दुसरी फाइल ठेवतो, त्यामुळे डेस्कटॉपवर दहा डिझाइने केली की वीस आयकॉन दिसतात. ही सोय बंद करू नये, ती वेळेला उपयोगी पडते. प्रत्येक कामाचे फोल्डर करून त्यातच सेव्ह करण्याची सवय लावावी. फोल्डरच्या नावात वर्ष, महिना, दिवस आणि मग गिऱ्हाइकाचे नाव असा क्रम ठेवला की यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते. ब्राउझरमध्येही ‘फाइल कोठे ठेवायची ते विचारावे’ ही सेटिंग सुरू करावी.

उजवे क्लिक करून ‘व्ह्यू’मधून सर्व आयकॉन लपवता येतात. कोणाला पडदा दाखवायचा असेल तेव्हा ते ठीक आहे, पण फाइली जेथल्या तेथेच राहतात.

सुरुवात करताना दीडशे फाइली एकेक उघडून पाहत बसू नये. त्यातच कंटाळा येतो. आजच्या तारखेचे ‘जुना डेस्कटॉप’ असे फोल्डर डीवर करावे, सर्व फाइली कट करून त्यात टाकाव्यात आणि पुढे जी लागेल तेवढीच बाहेर काढून तिच्या कामाच्या फोल्डरमध्ये ठेवावी. उरलेले पुसू नये. माझ्या अशाच एका फोल्डरमधील पत्रिका त्याच घरातील धाकट्या मुलीच्या लग्नासाठी चार वर्षांनी कामी आली.