बुडख्याला वेळ द्या : बोन्सायवरचे तुमचे प्रश्न

प्रश्न (लातूर) : ताई, मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. स्पेनमधला एक माणूस उपटून टाकलेल्या ऑलिव्हच्या झाडाचा बुडखा घेतो, त्याला ना मुळी ना पान, नुसता लाकडाचा गोळा, आणि पुढं त्याचं इतकं सुंदर बोन्साय होतं की विश्वास बसत नाही. लातूरच्या उन्हात हे जमंल का? माझा भाचा तिकडं शिकायला आहे, त्याला येताना बॅगेत एखादा बुडखा आणायला सांगू का?

उत्तर : दादा, बॅगेतून अजिबात आणायला सांगू नका. परदेशातून झाड आणायचं तर आधी आयात परवाना लागतो आणि झाडाला रोग नाही असं तिकडचं सर्टिफिकेट लागतं, 2003 चा प्लांट क्वारंटाईनचा आदेश आहे तसा. याला नुसतं कागदी काम समजू नका. इटलीच्या पुलिया भागात 2013 मधे झायलेला नावाचा जिवाणू ऑलिव्हवर सापडला आणि नंतर तिथली लाखो झाडं उभी वाळली, त्यात कित्येक पिढ्यांनी सांभाळलेली झाडं होती. याच जिवाणूचे दुसरे प्रकार द्राक्षालाही धरतात आणि लिंबूवर्गीय झाडांनाही, आणि आपल्या जालन्याच्या मोसंबीचं काय होईल ते मी वेगळं सांगायला नको.

व्हिडिओ मात्र खोटा नाही. ऑलिव्हच्या बुडाशी खोडाला फुगीर गाठी असतात, त्यात अन्न साठलेलं असतं आणि झोपलेले डोळे, म्हणजे न फुटलेले कोंबही, त्यामुळं सगळी मुळं कापून खालून सपाट केलेला बुडखासुद्धा त्या गाठींतून परत मुळ्या आणि धुमारे काढतो. तिकडं जुन्या बागा काढून दाट लागवडीच्या नव्या बागा लावतात, त्यात निघालेले बुडखे बोन्सायवाले घेऊन येतात. शिवाय या झाडाचं मेलेलं लाकूड वर्षानुवर्षं कुजत नाही, म्हणून अर्धं खोड पांढरं वाळलेलं आणि एका बाजूच्या जिवंत सालीवर हिरवा शेंडा असं रूप त्याला शोभतं. वडा-उंबराला तसं करायला गेलात तर मेलेला भाग भुसभुशीत होऊन ढोली पडते.

राहिलं लातूरचं ऊन, तर ऑलिव्हला उन्हाचं काहीच नाही. राजस्थानात 2007-08 च्या सुमारास इस्रायलहून रोपं आणून सरकारनं लागवड केलीये. बोअरचं जड पाणी आणि चुनखडीही ते सोसतं. आपल्याकडं ते मरतं पावसाळ्यात, काळ्या मातीत पाणी धरून राहिलं की मुळं कुजतात. म्हणून कुंडीत काळी माती चिमूटभरही नको, चाळलेला मुरूम, विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे आणि थोडं कोकोपीट घ्या, आणि लागून पाऊस असला की कुंडीच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा सरकवून ती तिरकी ठेवा, साचलेलं पाणी निघून जातं. फळाची आशा मात्र ठेवू नका, मोहोराला हिवाळ्यात जी थंडी लागते ती आपल्याकडं पुरेशी पडत नाही. नर्सरीतून बुडखा घेणार असाल तर कुंडीत कधी लावलाय ते विचारा आणि फांद्या बघा. नुसते हिरवे कोवळे धुमारे असतील तर घाई करू नका, मागच्या वर्षीची तपकिरी सालीची फांदी दिसली तरच पैसे द्या. असं का, ते खालच्या पत्राच्या उत्तरात आहे.

प्रश्न (परभणी जिल्हा) : आमच्या गावाजवळ रस्ता रुंदीकरणात जुनी झाडं पाडली. रीतसर विचारून उंबराचा एक बुडखा आणला, फेब्रुवारीत घमेल्यात लावला. मार्चमधी इतके धुमारे फुटले की घरातले सगळे बघायला यायचे. जगला म्हणून उन्हात ठेवला, खत घातलं, आणि एप्रिलच्या शेवटी आठ दिवसांत सगळं वाळलं. माझं कुठं चुकलं?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला माझा वड आठवला, तोही असाच गेला आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं. धुमारे फुटले म्हणजे बुडखा जगला असं नसतं हो. खोडात साठवलेलं अन्न असतं, त्या शिदोरीवर ते पहिले फुटवे काढतं, खाली एकही मुळी नसताना काढतं. वर पानं वाढली की पाणी जास्त उडायला लागतं, खालून ओढायला मुळ्या नाहीत, शिदोरी संपते आणि आपल्याकडं नेमका तेव्हाच 42-43 डिग्रीचा उन्हाळा येतो.

म्हणून मुळ्या धरेपर्यंत त्याला सावलीतच ठेवायचं, 50 टक्के शेडनेटखाली, खोडाला ओलं गोणपाट गुंडाळून. कापलेल्या जागेवर बोर्डो पेस्ट लावा, मोसंबीवाले लावतात तीच, 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी, आपल्याला त्याचा दहावा हिस्साही पुरतो. पहिले फुटवे कापू नका, वाकवू नका, कितीही वेडेवाकडे आले तरी. हलवून बघू नका, नव्या मुळ्या केसासारख्या असतात, एका हिसक्यात तुटतात. खत तर नकोच. मधे एकदा वाढ थांबते, महिना दीड महिना काहीच होत नाही आणि माणूस घाबरून पाणी ओततो, तसं करू नका. त्यानंतर दुसऱ्यांदा जी जोरदार फूट येते ती मुळ्यांच्या जोरावरची. ती दिसली की सकाळचं कोवळं ऊन द्यायला सुरुवात करा.

आणि फिल्टरचं वाया जाणारं पाणी झाडांना घालणारे बरेच जण आहेत, कुंडीतल्या बुडख्याला ते घालू नका, त्यात क्षार जास्त असतात. पावसाचं पाणी साठवलेलं असेल तर ते सगळ्यात चांगलं.

उंबर पुन्हा करा, वडा-पिंपळासारखाच तो लवकर धरतो. या वेळी फेब्रुवारीत नको, मिरगाचा पाऊस पडला की लावा, हवेतच ओल असते, पानांना त्रास होत नाही.

प्रश्न (धाराशिव) : आमच्या बांधावर चिंचेचं खुरटलेलं झाड आहे, शेळ्या खाऊन खाऊन गुडघ्याएवढंच राहिलंय पण बुंधा मांडीएवढा आहे. ते काढून बोन्साय होईल का?

उत्तर : होईल, आणि असं झाड मिळालं हे तुमचं नशीब. शेळ्यांनी वीस-पंचवीस वर्षांची छाटणी करून ठेवलीये. पण चिंच म्हणजे ऑलिव्ह नाही आणि उंबरही नाही, बारीक मुळ्यांशिवाय ती सहसा उठत नाही. एकदम उपटू नका. या पावसाळ्यात बुंध्यापासून हातभर अंतरावर अर्ध्या गोलात चर खणा, जाड मुळं करवतीनं कापा आणि चर मुरूम-शेणखतानं भरून टाका, तिथं बारीक मुळ्यांचं जाळं होतं. पुढच्या पावसाळ्यात उरलेला अर्धा. तिसऱ्या वर्षी मातीच्या गोळ्यासकट काढा, गोळा गोणपाटात सुतळीनं घट्ट बांधा आणि त्याच दिवशी लावा. तोवर शेळ्यांना लांब ठेवा, बाभळीच्या काट्यांचं कुंपण घाला, मधल्या दोन वर्षांत तिला प्रत्येक पान लागणार आहे.