साहसलेखनाच्या स्मृती-पुरस्कारात भाग घेण्यासाठी हिमालयात जाऊन आलेले असावे लागते काय?

आपला प्रश्न असा आहे : एका दिवंगत गिर्यारोहकाच्या स्मरणार्थ नवोदित लेखकांसाठी साहस या विषयावरील लेखनाचा पुरस्कार जाहीर झाला आहे, आपण नागपूरचे, वय २४, हिमालय फक्त छायाचित्रांत पाहिलेला, तेव्हा भाग घ्यावा काय, आणि पूर्वी फेसबुकवर लिहिलेला मजकूर पाठवता येईल काय? भाग अवश्य घ्यावा. जाहिरातीत हिमालयाची अट नसेल तर ती आपण होऊन स्वतःवर लादण्याचे कारण नाही. उत्तर एवढेच आहे. परंतु अशाच एका स्पर्धेत १९९९ साली मला दुसरे पारितोषिक मिळाले होते आणि ज्या लेखाला ते मिळाले त्यात एक धडधडीत खोटे होते, म्हणून पुढचे लिहितो आहे.

त्याच्या आदल्या वर्षी श्रावणात मी मामांबरोबर नागद्वारीला गेलो होतो. नागपूरकरांना ही यात्रा समजावून सांगण्याची गरज नाही : सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया या वाटेने पचमढी गाठायची आणि नागपंचमीच्या सुमारास जे थोडे दिवस जंगलाची वाट उघडी असते, त्या दिवसांत चिखल, धुके आणि निसरडे दगड तुडवत गुहेपर्यंत जायचे. आम्ही नऊ जण होतो, त्यांत साठी ओलांडलेल्या दोन बाया. परतताना अकराच्या सुमारास वाटेतला नाला भरून आला. मामा एसटीत चालक होते आणि त्यांची बरीचशी नोकरी गडचिरोली जिल्ह्यात झाली होती, जिथे पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढले की भामरागडचा रस्ता तुटतो आणि गाडी अलीकडे उभी करून बसण्याखेरीज दुसरे काही करता येत नाही. त्यांनी पाण्याच्या काठाला लागून तीन गोटे ठेवले, ताडपत्री बांधली आणि सर्वांना खाली बसवले.

आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो. जवळ मुरमुरे आणि फुटाणे होते, ते दोन वाजेपर्यंत संपले. तीन गोट्यांपैकी पहिला बुडाला, मग दुसरा. दरम्यान एक दुसरी टोळी आली, आठ जण, त्यांनी हातात हात गुंफले आणि छातीएवढ्या पाण्यातून आमच्या डोळ्यांदेखत पार होऊन पलीकडून ‘हर हर महादेव’ची आरोळी ठोकली. मी एकवीस वर्षांचा होतो. मला ती आरोळी आमच्यासाठीच होती असे वाटले. मी मामांशी भांडलो, सर्वांसमक्ष त्यांना भित्रा म्हणालो. ते एवढेच म्हणाले, “पाणी गढूळ आहे तोवरी खालचा गोटा दिसत नाही, अन् न दिसणाऱ्या गोट्यावर मी पाय देत नाही.” अंधार पडता पडता तिन्ही गोटे पुन्हा उघडे पडले आणि आम्ही गुडघाभर पाण्यातून, एकमेकांच्या बॅटरीच्या उजेडात, पार झालो.

लेखात मात्र मी भर पुरातून उतरलो होतो, आणि वर एका म्हातारीला खांद्यावरही घेतले होते. पारितोषिक वितरण धंतोलीतील एका सभागृहात होते. ज्या मुलाच्या नावाने पुरस्कार होता तो डोंगरातच मरण पावला होता, आणि त्याची आई व्यासपीठावर बसलेली होती. तिने लेख वाचला असेल हे माझ्या मनातही आले नव्हते. प्रमाणपत्र हातात देताना तिने हळूच विचारले, “पाण्यात उतरलास ते तुझ्या आईला माहीत आहे का रे?” मी ‘हो’ म्हणालो, म्हणजे दुसरे खोटे बोललो. बाहेर स्कूटरपाशी मामा उभे होते, त्यांनी प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, “तू त पलीकडं गेला बे. मी अजून अलीकडंच बसून आहो.”

म्हणून माझे पहिले मत असे की स्मृती-पुरस्कारासाठी लिहिताना ‘स्मृती’ हा शब्द आधी वाचावा. या परंपरेतला सर्वांत ख्यातनाम पुरस्कार पीटर बोर्डमन आणि जो टास्कर या दोन ब्रिटिश गिर्यारोहकांच्या नावाने आहे. ते दोघे मे १९८२ मध्ये एव्हरेस्टच्या ईशान्य धारेवर चढताना अखेरचे दिसले आणि पुन्हा परतले नाहीत, आणि १९८४ पासून गिरिसाहित्याला त्यांच्या नावाने पारितोषिक दिले जाते. याच दोघांनी १९७६ साली गढवालातील ६,८६४ मीटर उंचीच्या चांगाबांगची पश्चिम भिंत चढली होती, आणि त्या चढाईवरील बोर्डमन यांच्या पहिल्या पुस्तकाला १९७९ साली जो पुरस्कार मिळाला तोही स्मृती-पुरस्कारच होता : १९४० मध्ये मरण पावलेल्या जॉन लुएलिन रीस या तरुण वैमानिक-लेखकाच्या नावाने त्यांच्या पत्नीने सुरू केलेला. तीन वर्षांनी पुरस्कार घेणाऱ्याचेच नाव, ज्यांच्या स्मरणार्थ पुरस्कार दिले जातात त्यांच्या रांगेत जाऊन बसले. असे पुरस्कार ठेवणारी माणसे घरातली किंवा दोरावरची, म्हणजे बरोबर चढलेली, असतात, आणि मृत्यूला कशी हुलकावणी दिली याचे फुशारकीने केलेले वर्णन त्यांच्यापुढे ठेवणे मला आता असभ्यपणाचे वाटते.

दुसरे मत याहून कडवट आहे. त्या वर्षीचे पहिले पारितोषिक हिमालयातील एका खिंडीवरच्या लेखाला मिळाले होते. त्यात लेखकाची पिशवी वाहणारा, त्याच्यासाठी स्वयंपाक करणारा आणि बर्फात वाट फोडणारा माणूस आरंभापासून अखेरपर्यंत ‘आमचा शेर्पा’ म्हणून वावरत होता, त्याला नावच नव्हते. कार्यक्रमानंतर मी एका परीक्षकांपाशी माझे खोटे कबूल केले आणि खरी हकीकत सांगितली. ते हसले आणि म्हणाले, बरे केलेत, नाल्याकाठी बसून राहण्यावर तीन हजार शब्द कोण वाचणार? हे वाक्य मी अद्याप त्यांना माफ केलेले नाही. गोडसे भटजींनी १८८३ साली लिहिलेला आणि १९०७ साली छापला गेलेला ‘माझा प्रवास’ पाहा. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यज्ञ करणार आहेत, दक्षिणा मिळेल, एवढ्या आशेने कोकणातून निघालेला हा भिक्षुक सत्तावनच्या धामधुमीत सापडतो, लुटला जातो, लपतो, घाबरतो, आणि शेवटी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी येतो. त्याने कोणतेही शिखर सर केले नाही आणि कोणाला मारले नाही. मराठीत याहून चांगले साहसलेखन मला दाखवावे.

नागपुरात काही घडत नाही, असाही एक सूर आपल्या प्रश्नात आहे. येथून सुमारे ७५ किलोमीटरवरच्या हिंगणघाटला विल्यम लॅम्ब्टन जानेवारी १८२३ मध्ये वारले. १८०२ साली मद्रासहून देश मोजायला निघालेला हा माणूस हैदराबादहून नागपूरला येत होता. तो पोहोचलाच नाही आणि काम जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या हाती गेले, ज्यांचे नाव पुढे, १८६५ मध्ये, त्या शिखराला दिले गेले. ज्या पर्वताअभावी आपल्याला कमीपणा वाटतो आहे, त्याच्या नावाची वाट आपल्या शेजारच्या जिल्ह्यातून गेलेली आहे. अर्थात लॅम्ब्टनवरच लिहा असे मी सुचवत नाही. स्वतःवर लिहा, पण जिथे थांबला होता तिथून लिहा. नाल्याकाठच्या त्या तासांमध्ये पहिला गोटा बुडताना काय वाटले, फुटाणे कोणी कोणाला दिले, म्हाताऱ्या बाया काय बोलत होत्या, हे मला आज आठवत नाही, कारण त्या वेळी मी ते लिहिण्याजोगे मानले नाही. पूर आठवतो, तोही आता खरा किती आणि माझ्या लेखातला किती, हे सांगता येत नाही.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. साहसाची व्याख्या प्रत्येक आयोजक वेगळी करतो, आणि काहींना खरोखरच चढाईच हवी असते. माझा सल्ला मानून आपला लेख बाजूला पडला तर दोष माझ्याकडे घ्यावा. ‘नवोदित’ म्हणजे वयाने लहान की पुस्तक न आलेला, हे नियमावलीत पाहून घ्यावे. तसेच, नाला त्या दिवशी ओलांडण्याजोगा होता हे माझे मत आजही कायम आहे. ते आठ जण माझ्यासमोर सुखरूप गेले, हे मी मामांना दर नागपंचमीला सांगतो आणि ते दर वेळी चहा मागवून विषय बदलतात.

फेसबुकवरील मजकुराबाबत : नियमांत ‘अप्रकाशित’ असा शब्द असेल तर तो पाठवू नये, शंका असेल तर आयोजकांना पत्र लिहून विचारावे. नमुना म्हणून माझा लेख कृपया मागू नये. त्याची एकमेव प्रत मामांकडे आहे आणि ते ती देत नाहीत.