आधी फिर्याद वाच

कोल्हापूर

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पीएचडीचा सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, दोनदा वाचला. 'कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने कोल्हापूर शहरातील गुन्ह्यांचे पूर्वानुमान.' शीर्षक भारदस्त आहे, समितीला आवडेलही. मला मात्र त्यातला 'गुन्ह्यांचे' हा शब्द खटकला. तुझ्या हाती येणार आहेत त्या ठाण्यात लिहून घेतलेल्या फिर्यादी. घडलेलं आणि लिहिलेलं यांत केवढी दरी आहे, हे तुझ्या सात पानांत कुठंच आलेलं नाही.

बंगल्यात घरफोडी झाली, दागिने गेले, की माणूस ठाण्यात जातोच. भाजीवालीचा मोबाईल बाजारात गेला तर ती बहुधा जात नाही, आणि गेली तरी पुष्कळदा 'गहाळ' एवढीच नोंद घेऊन परत येते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. तरी ठाण्याची पायरी प्रत्येकाला सारख्या उंचीची नसते. तुझं मॉडेल ही पायरीच शिकणार आणि तू तिला गुन्हेगारीचा नकाशा म्हणणार.

माझी एक फजिती सांगतो. बरीच वर्षं झाली, शहराचं नाव सांगत नाही. आमच्या नकाशावर एक ठिकाण लालभडक झालं. आम्ही खूश, अहवालाच्या मुखपृष्ठावर तेच चित्र टाकलं. नंतर चक्कर मारायला गेलो तर तिथं पोलीस ठाण्याचीच इमारत! घटनास्थळ नक्की कळलं नाही की नोंद करणारा ठाण्याचेच अक्षांश-रेखांश टाकून मोकळा व्हायचा. सगळ्यात जास्त चोऱ्या पोलिसांच्या दारात होतात, असा शोध आम्ही लावला होता.

म्हणून कोडला हात लावण्याआधी एफआयआरचा कोरा नमुना समोर ठेव आणि रकानान् रकाना वाच. घटनेची वेळ 'पासून-पर्यंत' अशी असते, ठाण्यात माहिती मिळाल्याची वेळ वेगळी. कुटुंब दिवाळीला कोकणात गेलं, आठ दिवसांनी कुलूप तुटलेलं दिसलं, तर चोरी कुठल्या रात्री झाली? तू सिनॉप्सिसमध्ये सरळ पहिली तारीख धरली आहेस. अशी घटना त्या सगळ्या तासांवर थोडी थोडी वाटून टाकायची पद्धत गुन्ह्यांच्या नकाशांचा अभ्यासक जेरी रॅटक्लिफनं नव्वदच्या दशकात मांडली, ती शोधून वाच. घटनास्थळाच्या रकान्यात ठाण्यापासूनची दिशा आणि अंतर असतं. 'दक्षिणेस 2 कि.मी.' म्हणजे नकाशावरचा ठिपका नव्हे, हे तुला सांगायला नको.

आता तुझी ती 99 टक्के अचूकता. शहराचे 200 चौकोन केलेस, वर्षाचे 365 दिवस, म्हणजे 73,000 रकाने. त्यात 700 फिर्यादी धर. मी डोळे मिटून प्रत्येक रकान्यात 'आज काही होणार नाही' असं लिहिलं तरी 99 टक्के बरोबर ठरतो, तेही लॅपटॉपशिवाय. त्यात तू प्रशिक्षणाची आणि चाचणीची नोंद सरमिसळ करून निवडली आहेस, म्हणजे मॉडेलनं डिसेंबर वाचून ऑक्टोबर ओळखला. नोंदी तारखेनं काप. मागचं शिकव, पुढचं विचार.

कलमांचंही तसंच. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. मंगळसूत्र हिसकावल्याचा गुन्हा आधी चोरीत किंवा जबरी चोरीत जायचा, आता हिसकावणीला 304 हे स्वतंत्र कलम आहे. जुळणीचा तक्ता स्वतः कर, नाहीतर कायदा बदलला म्हणून चोर बदलले असा निष्कर्ष निघेल.

परदेशातल्या संदर्भांबद्दल थोडंच. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी प्रेडपोल हे गुन्ह्यांचं पूर्वानुमान करणारं सॉफ्टवेअर 2020 मध्ये बंद केलं, हे तुझ्या यादीत नाही. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडवर 2016 मध्ये आलेला लम आणि आयझॅक यांचा अभ्यासही नाही. अमली पदार्थांचा वापर शहरभर पसरलेला असताना जुन्या नोंदींवर शिकलेलं मॉडेल पोलिसांना पुन्हा त्याच वस्त्यांकडे कसं पाठवतं, ते त्यांनी दाखवलं. गस्त वाढली की नोंदी वाढतात, नोंदी वाढल्या की गस्त.

पण हे कळायला ओकलंडपर्यंत जायची गरज नाही. 1871 च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. कुठं काही चोरीला गेलं की पहिली झडती त्यांची, त्यामुळं नावंही त्यांचीच सापडायची. आपल्या संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड यांना हजेरी द्यावी लागे. ती शाहू महाराजांनी 1918 मध्ये बंद केली. ब्रिटिशांचा तो कायदा मात्र 1952 पर्यंत चालला. तुझ्या कोष्टकात 'आरोपीची पार्श्वभूमी' नावाचा रकाना आहे. तो भरून मॉडेलला देणं म्हणजे हजेरी पुन्हा सुरू करणं. काढून टाक. वस्तीचं नाव ठेवलंस तरी तीच माहिती मागच्या दारानं आत येते. त्याची तपासणी कशी करणार, यावर वेगळं प्रकरण लिही.

मग करायचं काय? माझं ऐकशील तर पूर्वानुमान सोड आणि मराठी फिर्यादीचा मजकूर घे. न्यायालयाच्या 2016 च्या आदेशामुळं संवेदनशील प्रकरणं वगळून एफआयआर संकेतस्थळावर टाकावे लागतात. 'अज्ञात चोरट्याने लबाडीच्या इराद्याने' या भाषेतून वेळ, जागा आणि चोरीची रीत मशीनला नीट काढता येत नाही. पुण्याच्या एलथ्रीक्यूब या संशोधन गटानं 25,000 मराठी वाक्यांत व्यक्ती, स्थळं वगैरे चिन्हांकित केली आहेत, पण ती बातम्यांतली. 'मिरजकर तिकटीवरून गंगावेशकडे जाताना' यातली तिकटी, म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा, त्या वाक्यांवर शिकलेल्या मॉडेलला कळते का, बघ. इथं तू जन्मल्यापासून जे ऐकलंस तेच कामाला येईल, आणि बाहेरच्या कुणाला ते सहज जमणार नाही. फिर्यादीत बायकांची नावं, पत्ते, फोन असतात. ते खोडल्याशिवाय एकही ओळ मशीनला द्यायची नाही. यात मी तडजोड करणार नाही.

शीर्षक लहान झालं म्हणून तोंड पाडू नकोस. पीएचडीला सहा वर्षांची मुदत आहे, त्यातलं एक वर्ष परवानग्यांत जाईल असं धर.

गुरुवारी दुपारी घरी ये. छापील दहा फिर्यादी आण, घटना कधी घडली ते प्रत्येकीच्या समासात पेन्सिलीनं लिहून. त्याच दहा मीही स्वतंत्रपणे वाचून ठेवतो. आपली उत्तरं कितीदा जुळतात ते आधी बघू.

तुझे सर