शेत विकण्याआधी घरी आलेल्या माणसाचा खर्च मांडा

प्रश्न: आम्ही खानापूर तालुक्यातले. माझे मिस्टर ४७ वर्षांचे. दारूमुळे लिव्हर सिरॉसिस झालाय. रक्ताची उलटी झाली म्हणून बेळगावला खासगी दवाखान्यात बारा दिवस ठेवलं, आता घरी आणलंय. बिलासाठी भावाकडून बिनव्याजी १ लाख आणि गावातल्या एकाकडून महिना शेकडा ३ रुपयांनी ६० हजार घेतले. थोरले दीर म्हणतात, २० गुंठे भातशेतीला ८ लाख येतायत, विकून मोकळे होऊ. जमीन अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर आहे. सासूबाई आणि एक नणंद आहेत. मी काजू फॅक्टरीत जाते, ९ हजार मिळतात. ते सोडून घरी बसू का? मुलाला बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत १२ हजार पगार आहे. पतसंस्था दागिन्यांवर वर्षाला १० टक्क्यांनी २ लाखांपर्यंत द्यायला तयार आहे. बीपीएल कार्ड आहे.

उत्तर: ताई, शेत आत्ता विकू नका. विसाराची रक्कम तर मुळीच घेऊ नका.

ते ८ लाख तुमचे नाहीत. सासूबाई, दोन भाऊ आणि नणंद असे चौघे वारस धरले, तर तुमच्या मिस्टरांच्या वाट्याला दोन-अडीच लाख येतील. मुलींचा हक्क मुलांइतकाच, म्हणजे नणंदेची सही लागणारच. उताऱ्यावर वारसांची नावं चढायला वेळ जाईल आणि तुमच्यावरचं व्याज तर दर महिन्याला चालू आहे. शिवाय वर्षाचा तांदूळ जाईल तो वेगळाच.

दवाखान्याचं बिल कितीही मोठं असलं तरी त्याचा आकडा ठरलेला असतो, कधीतरी ते फिटतं. सिरॉसिसमध्ये घरी आल्यावरचा खर्च दर महिन्याचा असतो आणि तो तोडला की माणूस पुन्हा दवाखान्यात जातो. माझ्या मामांचं हेच झालं. शौच पातळ ठेवणाऱ्या लॅक्टुलोज औषधाची बाटली संपली, पगार व्हायला आठ दिवस होते, म्हणून थांबले. पाचव्या दिवशी ते रात्रभर जागे, दिवसा गुंगीत, घरच्यांना ओळखेनात. एका बाटलीच्या पैशांत टळणाऱ्या गोष्टीसाठी पुन्हा भरती करावं लागलं. हे मी विसरू शकलेलो नाही, म्हणून तुमच्या हिशोबात मी औषधं सगळ्यात वर लिहितो.

तुम्ही पाठवलेल्या चिठ्ठीवरून औषधांचे महिन्याला ४,८०० होतात. तपासण्या आणि डॉक्टरांच्या फेऱ्यांचे सरासरी १,५०० धरा, प्रवासाचे ८०० आणि आहाराचे जास्तीचे १,५००. एकूण ८,६००. आहाराचे पैसे वाचवू नका. ‘लिव्हर खराब, अंडी-डाळ बंद’ असं गावात अजून सांगतात, पण या आजारात स्नायू झिजतात आणि प्रथिनं लागतातच. रात्री झोपण्याआधी दूध-पोळीसारखं काहीतरी पोटात जायला हवं. कमी करायचं ते मीठ, म्हणजे लोणचं, पापड, सुकी मासळी. डॉक्टरांनी अंगातलं पाणी लघवीवाटे काढणाऱ्या गोळ्या दिल्यात, तेव्हा एक साधा वजनकाटा घ्या आणि रोज सकाळी वजन वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत वजन झपाट्याने वाढलं, तर पोटात पाणी साठतंय हे पोट फुगलेलं दिसण्याआधीच कळेल.

औषधांची चिठ्ठी स्वस्त औषधांच्या जनऔषधी केंद्रात दाखवा. त्यातलं काय तिथलं चालेल ते डॉक्टरांना विचारून बदला, मनाने नको. अंगदुखीसाठी गावात डायक्लोफेनॅकसारखं इंजेक्शन किंवा गोळी घेऊ देऊ नका, त्याने मूत्रपिंडावर बेततं आणि रक्तस्रावाचाही धोका असतो. काविळीच्या झाडपाल्याची माणसं आपल्या भागात प्रेमाने सुचवली जातात, मला माहीत आहे. पण यकृत इतकं थकलेलं असताना कुठलाही काढा नको.

आता तुमचं काम. तुम्ही आणि मुलगा मिळून २१ हजार आणता. घरखर्च तुम्ही साडेनऊ हजार लिहिलाय. त्यात ८,६०० मिळवले की १८,१००. उरतात २,९००. काम सोडलंत तर १२ हजारांत १८ हजार भागवायचे, म्हणजे दर महिन्याला सहा हजारांचं नवं कर्ज. म्हणून नोकरी सोडू नका, पण एक महिना बिनपगारी रजा मागा. दवाखान्यातून आल्यावरचा पहिला महिना सगळ्यात जोखमीचा असतो. त्या महिन्यात औषधाच्या वेळा, दिवसाला दोन-तीन पातळसर शौच होतात का, बोलण्यात गोंधळ आहे का, हे सासूबाईंना आणि मुलाला शिकवून ठेवा. काळी शौच किंवा रक्ताची उलटी दिसली, तर सकाळची वाट पाहायची नाही, हेही.

दागिन्यांवर पूर्ण २ लाख उचलू नका, १ लाख ९ हजार घ्या. ६० हजार त्याच दिवशी सावकाराला देऊन कागद परत घ्या. त्याचं व्याज महिन्याला १,८०० जातंय, पतसंस्थेत तेवढ्याच रकमेला ५०० जाईल. ९ हजार तुमच्या रजेच्या महिन्याचे. ४० हजार मुलाच्या खात्यात वेगळे ठेवा, दुर्बिणीची तपासणी, पोटातलं पाणी काढणं आणि रात्री-अपरात्री गाडी करायला. एकूण व्याज महिन्याला नऊशेच्या थोडं वर, ते उरलेल्या २,९०० मध्ये बसतं. भावाला स्पष्ट सांगा की वर्षभर थांब.

पुढच्या वेळी थेट खासगीत जाऊ नका. बीपीएल कार्डावर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. आणीबाणीत योजनेतल्या रुग्णालयात थेट जाता येतं, ठरवून करायच्या उपचाराला सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं. जवळचं कुठलं रुग्णालय योजनेत आहे ते आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा निर्णय घेतला, कर्नाटकने त्याला हरकत घेतली. मिळाली तर आनंदच, पण तिच्यावर हिशोब बांधू नका. मुलगा वडिलांसाठी आरोग्य विम्याची नवी पॉलिसी घेतो म्हणतोय, ती नको. आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं आणि दारूमुळे झालेले आजार बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात.

दारू सुटणं हे या सगळ्या हिशोबाचं जोतं आहे. त्यांना बोल लावून ती सुटणार नाही, हाही आजारच आहे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा फोन मोफत आहे आणि धारवाडच्या डिमहान्स या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत व्यसनमुक्तीचे उपचार होतात. तिथल्या फेऱ्यांचा प्रवासखर्च चाळीस हजारांतून करा, मी तो औषधाचाच खर्च धरतो.

शेताचा विषय पुन्हा एकाच कारणाने काढा, डॉक्टरांनी यकृत प्रत्यारोपणाचं नाव काढलं तर. त्यासाठी बहुतेक ठिकाणी काही महिने दारू पूर्ण बंद असल्याची खात्री करतात, आणि बीपीएल कुटुंबांसाठी राज्याची वेगळी मदतही आहे. तोवर दिरांना सांगून उताऱ्यावर सगळ्या वारसांची नावं तेवढी चढवून घ्या. आणि चिठ्ठीवर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा पुन्हा बांधायला तीन आठवड्यांनी बोलावलंय. त्या दिवशी मुलाला रजा टाकायला आत्ताच सांगा.