वाचक विचारतात : ड्राय बॅग घरी कशी तपासायची?

प्रश्न : जूनअखेर राजमाचीला जायचंय. स्लीपिंग बॅग आणि कॅमेऱ्यासाठी 20 लिटरची, तोंड गुंडाळून बंद करायची ड्राय बॅग घेतली आहे. ती पाणी अडवते का, हे निघण्याआधी कसं तपासू?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : आधी हवेने तपासा, मग पाण्याने. रिकाम्या बॅगेत हवा भरून घ्या, तोंडाच्या पट्ट्या जुळवा, तीन-चार घड्या घालून बकल लावा आणि बॅग दोन्ही हातांनी दाबून धरा. ती मऊ पडायला लागली तर भांड्यांच्या साबणाचं पाणी स्पंजने शिवणींवर, तळाच्या जोडावर आणि बकलचा पट्टा शिवलाय तिथे फिरवा. बुडबुडे येतील तिथे पेनाने खूण करा. जोरात दाबल्यावर गुंडाळीतून थोडी हवा सुटते, तेवढ्यावरून बॅग वाईट ठरत नाही. शिवणीतून सुटली तर मात्र परत करा.

आता पाणी. टिश्यू पेपरवर स्केचपेनने ठिपके काढून एक कागद तळाशी, एक मधे, एक तोंडाजवळ ठेवा. थेंबभर पाणी लागलं तरी ठिपका फुटतो आणि पाणी कुठून शिरलं तेही कळतं. हवा भरलेली 20 लिटरची बॅग बुडवायला जवळजवळ 20 किलो जोर लागतो. म्हणून टॉवेलात गुंडाळलेला वरवंटा किंवा डंबेल आत ठेवा, हवा काढून टाका, मग तोंड बंद करा. कपडे भिजवायच्या टबात अर्धा तास पूर्ण बुडवून ठेवा. बाहेर काढल्यावर उघडण्याआधी तोंडाची पट्टी कोरडी पुसा. नाहीतर घडीत अडकलेलं पाणी आत ओघळतं आणि चांगली बॅग उगाच नापास होते.

बरेच जण बॅगेत पाणी भरून, टांगून बघतात. पद्धत चांगली आहे, पण 5-6 लिटरच्या वर पाणी घालू नका, वजनाने जोड ताणले जातात. शिवणीवर आतून टेप लावलेली असेल तर बॅग उलटी करून, म्हणजे आतली बाजू बाहेर काढून, पाणी भरा. सुलट बॅगेत पाणी टेपला शिवणीवर दाबून धरतं, म्हणून गळती लपते. पावसात दाब बाहेरून येतो आणि तोच टेप उचलतो. उलट्या बॅगेच्या शिवणींवर टाल्कम पावडर भुरभुरा. पाझर असेल तिथे पावडर काळपट पडते. हे सगळं मे महिन्यात उरका. जुलैत मुंबईच्या हवेत बॅग आतून सुकायला पंख्याखालीसुद्धा खूप वेळ लागतो.

कापड सहसा दगा देत नाही, दगा देतं ते तोंड. बॅग गच्च भरली की दीडच घडी बसते. तीन पूर्ण घड्या बसतील एवढी जागा, म्हणजे साधारण पाव भाग, रिकामा सोडा. घडी घालताना पट्टीवर बोट फिरवा. सुरकुती राहिली की तिथे बारीक बोगदा तयार होतो. जाड पीव्हीसीच्या बॅगेत तो कोपऱ्यावर हमखास होतो. टी-शर्टची कड किंवा नाडी घडीत अडकली तर ती वातीसारखं पाणी आत ओढते. तोंड नीट बंद करण्याची एवढी एक गोष्ट सांभाळली तरी बऱ्याच तक्रारी मिटतील.

आणि सॅकला रेन कव्हर असलं तरी ड्राय बॅग हवीच. कव्हर पाठीकडची बाजू झाकत नाही. पाठीवरून ओघळलेलं पाणी सॅकच्या तळाशी साठतं आणि तिथे नेमकी स्लीपिंग बॅग असते.

प्रश्न : माझ्या बॅगेवर आयपीएक्स6 लिहिलंय. अलिबागला कयाकवर नेली तर चालेल?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : शिंतोड्यांना चालेल, बुडण्याला नाही. आयपीएक्स म्हणजे वस्तू पाणी किती अडवते याचा दर्जा. आयपीएक्स6 ची चाचणी जोरदार फवाऱ्याची असते : मिनिटाला 100 लिटर पाणी, किमान तीन मिनिटं. आयपीएक्स7 म्हणजे 1 मीटर खोल पाण्यात 30 मिनिटं. एक पास झालं म्हणून दुसरं आपोआप पास होत नाही. घरच्या टबात पाणी जेमतेम 30 सेंटिमीटर असतं, त्यामुळे टबात कोरडी राहिलेली बॅग कयाक उलटल्यावर कोरडी राहीलच असं नाही. फोन आणि गाडीची चावी आत वेगळ्या छोट्या बॅगेत ठेवा. परतल्यावर बॅग गोड्या पाण्याने धुवा.

प्रश्न : माळ्यावर ठेवलेली जुनी नायलॉनची बॅग आतून चिकट झाली आहे, आंबूस वासही येतो. दुरुस्त होईल का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : नाही, आणि हे सांगताना वाईट वाटतं. आतला पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या ओलाव्याने तुटत जातो. चिकटपणा ही सुरुवात, पुढे पापुद्रे निघतात. तिला चपला-बुटांना ठेवा, कॅमेऱ्याला नको. नवी बॅग घडी करून कोंबू नका. पूर्ण सुकवून, तोंड उघडं ठेवून कपाटात टांगा. फक्त बारीक भोक असेल तर दुरुस्ती जमते, पण गोंद कापड बघून घ्या : पीव्हीसीला पीव्हीसीचा, पॉलियुरेथेनला युरेथेनचा. सिलिकॉन चढवलेल्या नायलॉनला सिलिकॉनशिवाय काहीच चिकटत नाही. जागा स्पिरिटने पुसा आणि गोंद 24 तास सुकू द्या.

प्रश्न : बॅग गळत नाही, तरी कपडे ओलसर निघतात. असं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ओल तुम्हीच आत भरता. 30 अंशांच्या दमट हवेत, 20 लिटरमध्ये, जेमतेम अर्धा ग्रॅम पाणी असतं. त्याने कपडे भिजत नाहीत. पण घामेजलेला एक टी-शर्ट त्याच्या कितीतरी पट पाणी आत नेतो आणि बंद बॅगेतून ते बाहेर पडत नाही. ओले कपडे वेगळ्या पिशवीत घाला. कॅमेऱ्याला मात्र तो अर्धा ग्रॅमही पुरतो, म्हणून त्याच्याजवळ सिलिका जेल ठेवा. एसी लोकलमधून उतरल्याउतरल्या बॅग उघडू नका. थंड लेन्सवर बाहेरची दमट हवा लागली की लगेच धुकं धरतं. अर्धा तास बॅग बंदच राहू द्या.