नकाशाचा कायदा आणि मुलीची एक ओळ

प्रश्न : मुलगी भूगोल घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, गुण ६१ टक्के. भू-स्थानिक (म्हणजे नकाशावरील जागेशी जोडलेल्या) माहितीचा राष्ट्रीय कायदा आल्यामुळे तालुक्या-तालुक्यात मोजणीची पदे निघणार, असे एका खासगी वर्गाने सांगितले. शुल्क ८५ हजार आहे. मुलीचे मन कसे वळवावे? – एक पालक, संगमनेर

उत्तर : आपल्या तीन पानी पत्रात शेजारच्या मुलाच्या पगारापासून बदलीच्या सोयीपर्यंत सारे काही आहे, मुलीचे म्हणणे मात्र एकाच ओळीत, 'तिला स्थलांतराचा अभ्यास करायचा आहे', आणि त्याच ओळीत पुढे 'पण त्यात काय ठेवले आहे?' हा आपला शेराही आहे. ६१ टक्क्यांपेक्षा मला या शेऱ्याची चिंता अधिक वाटते, कारण तो तिने घरात अनेकदा ऐकला असणार.

आता त्या कायद्याविषयी. असा कायदा भारतात झालेलाच नाही; तो जपानने २००७ मध्ये केला. १९९५ च्या कोबे भूकंपात निरनिराळ्या खात्यांकडची नकाशांची माहिती एकत्र वापरता येत नाही, हे उघड झाले होते. आपल्याकडे २०१६ चे विधेयक नकाशांवर निर्बंध घालणारे होते आणि ते मसुद्यापुढे गेले नाही. भारतात आज आहेत ती फेब्रुवारी २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वे, ज्यांमुळे भारतीय कंपन्यांना नकाशे करण्यासाठी पूर्वपरवानगीची गरज उरली नाही, आणि डिसेंबर २०२२ चे राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण. यांतून काम वाढेल, पण ते बरेचसे खासगी कंपन्यांत; धोरण म्हणजे नोकरभरतीची जाहिरात नव्हे. शिवाय भूमी अभिलेख विभागातील भूकरमापक पदासाठी स्थापत्य पदविका किंवा आयटीआयचा सर्वेक्षक अभ्यासक्रम मागतात. तेथे भूगोलाची पदवी पुरत नाही, हे त्या वर्गाने आपल्याला सांगितलेले दिसत नाही.

एम.एस्सी. जिओइन्फॉर्मॅटिक्स (संगणकाधारित भू-माहितीशास्त्र), डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था किंवा गेट या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेतील जिओमॅटिक्सचा (मोजणी व नकाशाशास्त्राचा) पेपर हे मार्ग खुले आहेतच. परंतु जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशा आणि माहिती जोडणारी प्रणाली, हे हत्यार आहे, आणि कोणता प्रश्न सोडवायचा हे ज्याला ठाऊक नाही तो आयुष्यभर दुसऱ्याने सांगितलेल्या रेघा ओढत बसतो. आपल्या मुलीकडे प्रश्न आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची गावे तिने क्यूजीआयएस या मोफत प्रणालीत नकाशावर मांडून पाहावीत. महिनाभरात तिला हे काम रुचते की नाही, ते तिचे तिलाच कळेल.

तोपर्यंत ते ८५ हजार भरू नयेत.