वाचकांचे प्रश्न: बॉटचा जुना मेसेज बदलायचा की उडवायचा?

प्रश्न: नमस्कार, आमच्या गल्लीच्या टेलिग्राम ग्रुपवर मी पायथनमध्ये लिहिलेला बॉट (आपोआप मेसेज टाकणारा प्रोग्रॅम) चालवतोय. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी मी त्याला देतो, तो ग्रुपवर टाकतो. पण दर तासाला नवीन मेसेज पडून ग्रुप भरतो आणि लोकं कुठलातरी जुना आकडा बघून फोन करतात, पाणी अजून 38 फुटावरच आहे ना म्हणून. एकच मेसेज बदलत ठेवता येतो का, का जुना डिलीट करून नवा टाकू? एडिट करताना मधेच 'मेसेज इज नॉट मॉडिफाइड' असा एरर पण येतोय.
(एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर)

उत्तर: एडिटच करा, डिलीट नको. बॉट मेसेज पाठवतो तेव्हा टेलिग्राम उलट उत्तरात त्या मेसेजची सगळी माहिती देतं, त्यातला मेसेज आयडी (त्या मेसेजचा नंबर) जपून ठेवायचा, कारण पुढं एडिट करायला चॅट आयडी (ग्रुपचा नंबर) आणि हा मेसेज आयडी दोन्ही लागतात. बरेचजण हा आयडी नुसता व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम चालू असेपर्यंतच टिकणाऱ्या जागेत, ठेवतात आणि लाईट गेली, प्रोग्रॅम परत चालू झाला की आयडी गायब, मग बॉट परत नवीन मेसेज टाकतो. पावसात लाईट जाणारच, त्यामुळं आयडी साध्या फाईलमध्ये किंवा एसक्यूलाईट या छोट्या डेटाबेसमध्ये लिहून ठेवा, आणि तो मेसेज ग्रुपमध्ये पिन करा म्हणजे कुणाला शोधत बसायला नको.

एररचं कारण सरळ आहे. नवीन मजकूर आणि खालची बटणं जशीच्या तशी असतील तर टेलिग्राम 400 नंबरचा एरर देतं. पाणी तीन तास एकाच पातळीवर थांबलं की हे होणारच, म्हणून आधीचा मजकूर जपून ठेवा आणि फरक असेल तरच एडिट पाठवा. आकड्याशेजारी वेळ लिहाच, पण ती रीडिंग घेतल्याची वेळ हवी, बॉटच्या घड्याळाची नको, नाहीतर सकाळचा आकडा दुपारी ताजा दिसेल आणि लोकं त्यावर विसंबून जनावरं हलवायची का नाही ते ठरवतील.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एडिट झालं की फोन वाजत नाही. पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे दोन आकडे ओलांडले तर तिथं गुपचूप एडिट करून चालणारच नाही, त्या वेळी वेगळा नवीन मेसेज पाठवा, वाजू दे सगळ्यांचे फोन. 2019 आणि 2021 चा पूर बघितलेल्या पेठेला हे मी काय सांगू. रोजचा चढउतार एडिटमध्ये, इशारा नवीन मेसेजमध्ये, कोडमध्ये ही अट पहिल्यांदा लिहा आणि बाकीचं मग.

प्रश्न: ग्रुपवर लोकं जुने पुराचे व्हिडिओ आजचे म्हणून टाकतात, बॉटकडून ते काढता येतील का?
(एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर: येतील, पण बॉट ग्रुपचा ॲडमिन पाहिजे आणि त्याला मेसेज डिलीट करायची परवानगी दिलेली पाहिजे. दुसऱ्याचा मेसेज बॉटला एडिट मात्र करता येत नाही, ॲडमिन असला तरी नाही. बॉटनं स्वतः टाकलेले मेसेज साध्या ग्रुपमध्ये डिलीट करायचे असतील तर 48 तासांच्या आतच होतात, त्यामुळं महिन्याभरानं एकदम साफसफाई करू म्हटलं तर एरर येईल. बरेच मेसेज एकदम काढायचे असतील तर टेलिग्रामला पाठवलेल्या एका विनंतीत 100 पर्यंत आयडी देता येतात, एकेक काढत बसलात तर 429 नंबरचा एरर (फार भराभर विनंत्या आल्या असा) येऊ शकतो, तो आला की उत्तरात किती सेकंद थांबायचं ते दिलेलं असतं, तेवढं थांबून परत पाठवायचं.

व्हिडिओ जुना आहे का नवा हे मात्र बॉटवर सोडू नका. ॲडमिननं बघून त्या व्हिडिओला रिप्लाय म्हणून एक कमांड द्यायची आणि बॉटनं तो काढायचा. रिप्लाय दिला की मूळ मेसेजचा आयडी बॉटला आपोआप मिळतो.